पुढचा कार्बुरेटर थोरल्याचा, मागचा धाकट्याचा

रविवारी सकाळी थोरला भाऊ अंगणात उतरला तेव्हा गाडीच्या वायपरखाली चिठ्ठी होती. त्यात नवल नव्हतं. तीन वर्षांपासून त्या घरातल्या दोन भावांचा सगळा पत्रव्यवहार वायपरखालूनच चालत असे. नवल होतं ते चिठ्ठीला टाचणीने जोडलेल्या सरकारी कागदाचं.

"विषय : वाहनाची योग्यता तपासणी," धाकट्याने लिहिलं होतं. तो पाणीपुरवठा कार्यालयात पत्रं लिहायच्या टेबलावर होता आणि आता त्याला दुसऱ्या भाषेत लिहिताच येत नसे. "उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, काल सम तारीख असल्याने वाहन माझ्या ताब्यात होते. ते तपासणीस नेले असता अनुत्तीर्ण झाले. फेरतपासणी सोमवार, दिनांक १९. त्यातही अनुत्तीर्ण झाल्यास वाहन भंगारात जाईल. सबब दोन्ही कार्बुरेटर काढून फ्युएल इंजेक्शन बसविणे हा एकमेव उपाय आहे. आपली संमती उलट टपाली, म्हणजे याच वायपरखाली, कळवावी."

थोरला कॉलेजच्या ग्रंथालयात होता. त्याने चिठ्ठी दोनदा वाचली, वरच्या कोपऱ्यात तिचा क्रमांक घातला आणि मागच्या बाजूला लिहिलं : "कार्बुरेटर वडिलांनी हाताळलेले आहेत. हलणार नाहीत." मग त्याला एक गोष्ट लक्षात आली आणि त्याने खाली आणखी एक ओळ लिहिली. "नापास तुझ्या तारखेला झाली. फेरतपासणी माझ्या तारखेला आहे. नोंद घ्यावी."

गाडी वडिलांची. चौकोनी, चार दारांची, साबणाच्या वडीसारख्या फिक्या हिरव्या रंगाची, थोरल्याच्या शाळेच्या पहिल्या दिवशी घरात आलेली. तिला दोन कार्बुरेटर होते. पुढचा इंजिनाच्या पुढच्या दोन सिलिंडरना हवा-पेट्रोल भरवायचा, मागचा मागच्या दोघांना. दोघांनी सारखंच भरवलं तर गाडी मांजरीसारखी गुरगुरायची, आणि एकाने जरी हात आखडला तरी हिवताप आल्यासारखी हुडहुडायची. त्यासाठी प्रत्येकाला एक स्क्रू होता. आत पिळला की जोर वाढतो, बाहेर घेतला की उतरतो.

मुलं लहान असताना स्क्रू कोणी फिरवायचा यावरून मारामाऱ्या होत. तेव्हा वडिलांनी वाटणी केली होती. पुढचा थोरल्याचा, मागचा धाकट्याचा. दर रविवारी दोघं बॉनेटच्या दोन बाजूंना आपापला स्क्रूड्रायव्हर घेऊन उभे राहायचे. वडील रबरी नळीचं एक टोक कानात घालायचे, दुसरं आधी एका कार्बुरेटरच्या तोंडाशी धरायचे, मग दुसऱ्याच्या. दोन्हीकडून हवेचा फूत्कार सारखा येईपर्यंत "थोरल्या, पाव आत", "धाकट्या, इतका नको रे" असं चालायचं. पुढे वडील गेले. ऐकणारा गेला, स्क्रूंचे मालक तेवढे उरले.

त्यानंतर सहा महिन्यांत भावांचं बोलणं बंद झालं. कारण मोठं नव्हतं. धाकटा उंच, थोरला बुटका. धाकटा गाडी चालवताना सीट मागे सरकवायचा आणि तशीच ठेवायचा. थोरला बसला की त्याचे पाय पेडलच्या वर लटकायचे. थोरल्याने एकदा सीट पुढे घेऊन तिला तारेने बांधून टाकलं. त्या दिवशी धाकटा गुडघे कानाशी घेऊन ऑफिसला गेला. संध्याकाळी तारखा वाटल्या गेल्या : विषम थोरल्याला, सम धाकट्याला. एकतीस तारखेनंतर एक तारीख येते, म्हणजे वर्षातून सात वेळा थोरल्याला सलग दोन दिवस गाडी मिळते, हे धाकट्याच्या दोन महिन्यांनी लक्षात आलं. त्यावरच्या चिठ्ठ्यांची थोरल्याकडे वेगळी फाइल होती.

मध्ये सापडली होती आई. तिने तेहतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड. याची वायर त्याच्यात, त्याची याच्यात. निवृत्त होताना तिला वाटलं होतं की आता कुणाची लाइन जोडायची नाही. आता ती शहात्तर वर्षांची होती आणि सकाळ-संध्याकाळ जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी राहून वरच्या मजल्यावरच्या थोरल्याचं खाली आणि खालच्या मजल्यावरच्या धाकट्याचं वर करत होती. तिला आता एवढंच हवं होतं, की तिच्या डोळ्यांदेखत या दोघांनी एकदा तरी परस्पर बोलावं. बोर्डाला सुट्टी मिळावी.

त्या रविवारीही ती मधल्या पायरीवर होती. थोरला वरच्या कठड्याशी, धाकटा खाली दारात.

"आई, त्याला सांग," थोरला म्हणाला, "इंजेक्शनला कॉम्प्युटर लागतो. ही गाडी कॉम्प्युटर यायच्या आधीची आहे. तिला काय कळणार?"

"तो म्हणतोय—"

"ऐकलं मी."

"तो म्हणतोय ऐकलं."

"मग त्याला विचार, ऐकलं तर उत्तर का देत नाही?"

"त्याला म्हणावं," धाकटा म्हणाला, "त्या अधिकाऱ्याने बॉनेटवर पेन ठेवला होता. गाडी उभी, हँडब्रेक लावलेला. तो पेन चालत चालत कडेपर्यंत गेला आणि खाली पडला. अधिकारी म्हणाला, सही करायला निदान पेन तरी जागेवर राहू दे. माझी मान खाली गेली. इंजेक्शनमध्ये असलं काही नसतं. चावी फिरवा, सुरू. थंडीत सुरू, चढावर सुरू."

"तो म्हणतोय पेन पडला."

"त्याला सांग, पेन पडला कारण त्याच्या मागच्या कार्बुरेटरने गाडीची वाट लावलीय. माझा पुढचा ठणठणीत आहे."

"तुझा ठणठणीत?" धाकटा थेट वर बघून म्हणाला आणि लगेच भानावर येऊन आईकडे वळला. "त्याला म्हणावं, तुझा ठणठणीत?"

"तीन मिनिटं झाली," आई म्हणाली. "लाइन तोडते." आणि ती खोलीत निघून गेली. एक्स्चेंजमध्ये भल्याभल्यांना तिने याच आवाजात तोडलं होतं.

मंगळवारी थोरल्याने आपल्या दृष्टीने मोठं मन दाखवलं. वायपरखाली चिठ्ठी आली : "माझ्या कार्बुरेटरला हात लावू नये. तुझा काढून तिथे हवं ते बसव." धाकट्याला हे न्याय्य वाटलं. बुधवार सम तारखेचा नाही असं समजून तो थांबला आणि गुरुवारी दाखवायला म्हणून इंजेक्शन बसवणाऱ्या तरुणाला घेऊन आला. पण गुरुवार पंधरा तारखेचा निघाला. तारखांची गल्लत धाकट्याकडून सहसा होत नसे. गाडी भंगारात जाणार या काळजीने त्याला झोप लागत नव्हती. शेवटी थोरल्याची लेखी परवानगी आल्यावर बॉनेट उघडण्यात आलं.

तरुणाने मडगार्डवर फडकं अंथरून त्यावर लॅपटॉप ठेवला.

"बसेल सर. टाकीत पंप, इथे सेन्सर, वायरिंग सगळं नवीन. तीन आठवडे."

"तपासणी सोमवारी आहे."

"मग पुढच्या वेळेला करू."

"पुढची वेळ नाही. आणि अर्धंच करायचं असलं तर सोमवारपर्यंत होईल ना?"

"अर्धं म्हणजे?"

"मागे इंजेक्शन. पुढचा कार्बुरेटर तसाच राहील. तो माझा नाही."

तरुणाने आधी इंजिनाकडे पाहिलं, मग धाकट्याकडे, मग वरच्या गॅलरीत पाठ करून उभ्या असलेल्या थोरल्याकडे. लॅपटॉप मिटला. "सर, मी घटस्फोटाच्या केसमध्ये घराच्या मधोमध भिंत घातलेली पाहिलीय," तो म्हणाला. "इंजिनात नाही." आणि फडकं झटकून निघून गेला.

आता उरला डॉक्टर. हा वडिलांच्या वेळचा मेकॅनिक. नळी कानात घालून इंजिन तपासायचा म्हणून वडिलांनीच त्याला डॉक्टर म्हणायला सुरुवात केली होती आणि आता त्याच्या पाटीवरही तेच होतं. आईने फोन केला. तो रविवारी आला, तेव्हा त्याचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता.

"स्वतःच्याच गॅरेजमध्ये तेलावरून घसरलो, काकू," तो म्हणाला. "महिनाभर स्क्रूला हात लावायचा नाही."

"निदान बघ तरी."

डॉक्टरने डाव्या हाताने आधी एका कार्बुरेटरवर टॉर्च मारला, मग दुसऱ्यावर. अठरा तारीख होती, म्हणून धाकटा गाडीच्या जवळ उभा होता. थोरला आपली तारीख नसल्याने फाटकाबाहेर, परक्या माणसासारखा.

"हे स्क्रू कुणी फिरवले?"

धाकट्याने फाटकाकडे पाहिलं, थोरल्याने रस्त्याकडे.

"पुढचा जवळजवळ निघून हातात यायच्या बेताला आहे. मागचा इतका पिळलाय की बुडाला टेकलाय. मागचा दोघांचं काम करतोय आणि पुढचा रजेवर आहे. दुखणं गाडीला नाहीये, काकू. कुणी केलं हे?"

"त्याने इंजिन उगाच बोंबलत ठेवलं होतं," थोरला फाटकाबाहेरून हवेला उद्देशून म्हणाला. "म्हणून मी माझा थोडा बाहेर घेत होतो. माझ्या तारखेला. माझ्याच स्क्रूला हात लावला, दुसऱ्याच्या नाही."

"आणि माझ्या दिवशी ती सिग्नलला बंद पडायची," धाकटा म्हणाला. "म्हणून मी माझा आत घ्यायचो. मीसुद्धा माझाच."

"म्हणजे तुम्ही बाहेर घेतला की हे आत घेणार. यांनी आत घेतला की तुम्ही आणखी बाहेर."

"हो, पण आपापला," दोघं एकदम म्हणाले.

डॉक्टरने टॉर्च बंद केला. चाळीस वर्षांच्या धंद्यात त्याने उंदराने खाल्लेल्या वायरी पाहिल्या होत्या, टाकीत साखर पाहिली होती. इतका सचोटीने केलेला बिघाड तो पहिल्यांदाच पाहत होता.

"आजच्या आज लावता येईल," तो म्हणाला. "पण दोन्ही स्क्रू एकाच वेळी फिरवावे लागतील. माझा एकच हात आहे, आणि तो डावा."

"मागचा मी फिरवतो," धाकटा म्हणाला.

"पुढचा?"

धाकट्याने आईकडे पाहिलं. "पुढच्याला विचार, येतोय का?"

"तारीख तुझी आहे," फाटकाबाहेरून उत्तर आलं. "लेखी असेल तर येतो."

धाकट्याने खिशातला कागद काढला, मडगार्डवर ठेवला, लिहिलं आणि वायपरखाली सरकवला. थोरला आत आला, कागद काढून वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि बाह्या सरसावून पुढच्या कार्बुरेटरशी उभा राहिला. वडील उभं करायचे तीच जागा. फक्त आता वाकताना दोघांच्याही कमरेतून आवाज आला.

इंजिन सुरू झालं. डॉक्टरने नळी कानात घातली, ऐकलं, काढली, झटकली, पुन्हा घातली. "खरं सांगू का, काकू," तो ओशाळून म्हणाला, "पडलो तेव्हा कानावरच पडलो. हा कान बंद आहे आणि दुसऱ्याने कधीच धड ऐकू येत नव्हतं."

"आण इकडे," आई म्हणाली.

तिने स्टूल मागवलं. पदराने नळीचं टोक पुसलं, कानात घातलं, दुसरं टोक पुढच्या कार्बुरेटरशी धरलं आणि डोळे मिटले. मग मागच्याशी. त्या कानांनी एके काळी चारशे मैलांवरचा खोकला ओळखला होता. दोघं भाऊ स्क्रूड्रायव्हर रोखून तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"थोरल्याचं काही ऐकूच येत नाही. लाइन मेली आहे," आई म्हणाली. "आत घे. आणखी. आणखी. हां, आला. धाकट्या, तू ओरडतोयस. बाहेर घे."

"किती?"

"मी सांगेपर्यंत. थोरल्या, थांब. तू आता पुढे गेलास."

"त्याने एकदम कमी केला म्हणून," थोरला म्हणाला.

"तू अर्धा घेतलास एका दमात. पाव पाव घे ना, दादा."

"पावच घेतला. तुझ्या हाताला कंप आहे, तो आधी बघ."

"माझा हात ठीक आहे. तू चष्मा खाली कर, तुला खाच दिसत नाहीये."

"दिसतेय. तू एक पाव बाहेर ये, मी एक पाव येतो."

"चल. एक, दोन."

आईने डोळे उघडले नाहीत. इंजिनाची थरथर हळूहळू खाली बसत होती. दोन्ही बाजूंचा फूत्कार सारखा होऊन बराच वेळ झाला होता, हे डॉक्टरलाही त्याच्या नादुरुस्त कानाने कळलं. तरी आई म्हणत होती, "थोरल्या, किंचित आत. नाही, परत बाहेर. धाकट्या, तू सांग त्याला किती ते." आणि धाकटा सांगत होता. अर्धा तास.

शेवटी डॉक्टरनेच हात वर केला. त्याने खिशातून नेलपॉलिशची छोटी बाटली काढली आणि दोन्ही स्क्रूंच्या डोक्यावर एकेक लाल थेंब सोडला. "हे माझं सील. पुन्हा कुणी फिरवला तर याला तडा जाणार. मला लगेच कळेल. आता दोघांनीही हात लावायचा नाही. आपापल्याला सुद्धा नाही."

सोमवारी दोघंही गेले. थोरला चालवत होता, धाकटा शेजारी. सीटचं काय करायचं हा प्रश्न त्यामुळे उद्भवला नाही. तोच अधिकारी होता. त्याने गाडी ओळखली, पेन बॉनेटवर ठेवला आणि तो पडायची वाट बघत उभा राहिला. पेन पडेना.

"गाडी सुरू करा," तो म्हणाला.

"सुरू आहे साहेब."

अधिकाऱ्याने बॉनेटला हात लावला, मग खाली वाकून मागच्या नळकांड्याकडे पाहिलं आणि पाच वर्षांची सही केली. परतताना दोघं भाऊ रस्ताभर बोलत आले. आईने खिडकीतून पाहिलं : गाडी अंगणात लागल्यावरसुद्धा दोघं दहा मिनिटं आतच बसून होते. त्या रात्री ती मधल्या पायरीवर न थांबता जिना चढली.

पुढचे तीन आठवडे गाडी जराही कुरकुरली नाही, आणि हळूहळू घोटाळा लक्षात आला. सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सीटला तार नव्हती, सिग्नलला गाडी बंद पडत नव्हती, तक्रारीला जागा नव्हती. थोरला विषम तारखेला जायचा, धाकटा सम तारखेला. पहिल्या आठवड्यात "काय, कशी चाललीय?" "मस्त." दुसऱ्या आठवड्यात नुसतं "मस्त?" तिसऱ्या आठवड्यात मान हलवायची. वायपरखाली आता पानंच सापडत होती, झाडाची. आधी निदान चिठ्ठ्या तरी होत्या.

अशातच धाकट्याने आईला जिन्यात गाठलं. "दादाला सांग, आता पाच वर्षं घाई नाही. तो लॅपटॉपवाला मोकळा आहे. इंजेक्शन करून टाकू का? अख्खं."

आईने वर जाऊन सांगितलं. थोरल्याने पुस्तकातून मान वर केली नाही. "करू दे. तशीही माझी कंबर वाकत नाही आता."

दोघांचं एकमत झालं होतं. आणि तेही आईच्या बोर्डावरून, एकमेकांशी एक अक्षर न बोलता. आई खाली आली आणि तिने डॉक्टरला फोन लावला.

"त्या इंजेक्शनला स्क्रू असतात का रे?"

"नाही काकू. सगळं कॉम्प्युटर बघतो. एकदा बसवलं की दहा वर्षं बॉनेट उघडायला नको."

"दहा?"

"जास्तच."

संध्याकाळी आईने दोन्ही मुलांना अंगणात बोलावलं. गाडीचे कागद तिच्या नावावर होते. हे इतकी वर्षं कोणाच्या लक्षात नव्हतं, तिच्या होतं. "मी सही देणार नाही," ती म्हणाली. "तुमच्या वडिलांचा हात लागलाय त्या कार्बुरेटरना." आणि तिने डोळ्यांना पदर लावला. दोघं मुलगे गहिवरून आपापल्या मजल्यावर गेले. पदर कोरडा होता, पण तो तपासायला कोणी थांबलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी गाडी हुडहुडली. नेहमीसारखी नाही, थोडीशी. पेन पडला नसता, नुसता फिरला असता. धाकट्याने बॉनेट उघडलं आणि वरच्या मजल्याकडे तोंड करून हाक मारली.

"दादा, खाली ये. तू हात लावलास का?"

"मी कशाला लावू?" थोरला चपला न घालताच उतरला. दोघांनी वाकून पाहिलं. दोन्ही स्क्रूंवर लाल थेंब शाबूत होते. तडा नाही, काही नाही. उलट चांगले चमकत होते.

"मीसुद्धा लावला नाही. सील बघ ना, जसंच्या तसं आहे."

"मग आतलं काहीतरी सैल झालं असणार. जुनी वस्तू आहे."

"तुझा स्क्रूड्रायव्हर कुठंय?"

"वर आहे, आणतो. तू नळी शोध. आई, नळी कुठं ठेवलीस गं?"

नळी खिडकीच्या गजाला टांगलेली होती, पुसून. स्टूलही बाहेर आलेलं होतं. आई त्यावर बसली, नळी कानात घातली आणि डोळे मिटले. गाडीच्या दोन बाजूंना दोघं वाकले. "तू आधी." "नाही, मागच्या वेळी मी आधी घेतला होता." "तो आधी नव्हता, आपण एकदम घेतला होता."

तेवढ्यात धाकट्याची बायको दारात आली. "आई, माझी नेलपॉलिशची लाल बाटली बघितलीत का हो? परवापासून सापडत नाहीये."

आईने डोळे उघडले नाहीत. एक हात वर करून तिने सुनेला थांबवलं.

"नंतर विचार गं," ती म्हणाली. "मी लाइनवर आहे."